लिथियमची बॅटरी व ती भरण्याची रीत

शेतकऱ्याच्या घरांत औत, पाभर, पंप व ट्रॅक्टर यांच्या जोडीस आतां आणखी एक लहानसें साधन येऊन बसलें आहे, व तें म्हणजे लिथियमची बॅटरी होय. मोबाईलमध्यें ती आहे, हातांतील विजेरींत आहे, गोठ्यावरील लहान सौर दिव्यांतहि आहे. बैलाची निगा कशी राखावी हें आपल्याकडे बापानें मुलास सांगत आलेलें आहे. पंपाचें बेअरिंग केव्हां बदलावें हेंहि बहुतेक जण आतां जाणतात. परंतु ही बॅटरी भरते कशी, कोठें थांबते व बिघडते कां, असें विचारलें असतां ‘वायर लावली कीं भरते’ यापलीकडे उत्तर सहसा मिळत नाहीं. हें अज्ञान आतां परवडण्यासारखें राहिलेलें नाहीं, आणि त्याचीं कारणें तीन आहेत.

पहिलें कारण दप्तराचें. गांव नमुना ७/१२ मधील पिकांची नोंद पूर्वीं तलाठ्यानें करावयाची असे. आमची सारी नोकरी महसूल खात्यांत गेल्यामुळें त्या एका नोंदीवर पीककर्ज, विमा व नुकसानभरपाई यांचा किती भार असतो हें आम्हीं जवळून पाहिलें आहे. ता. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यांत ई-पीक पाहणी सुरू झाली, आणि ही नोंद शेतकऱ्यानें स्वतः शेतांत उभें राहून, मोबाईलवर पिकाचें छायाचित्र घेऊन करावयाची असें ठरलें. मुदत संपत आली असतां बांधावर मोबाईलनें मान टाकली, तर पीक उभें असूनहि कागदावर तें नाहीं, अशी स्थिति होते.

दुसरें कारण जिवाचें. निफाड, सिन्नर, दिंडोरी या तालुक्यांत उंसाच्या आडोशानें बिबट्या राहतो, हें येथील कोणास सांगावयास नको. शेतीपंपांस कांहीं दिवस दिवसां व कांहीं दिवस रात्रीं वीज देण्याची पद्धत वर्षानुवर्षें चालत आली. दिवसां वीज मिळावी या हेतूनें मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ सालीं निघाली व तिचा दुसरा टप्पा २०२३ सालीं सुरू झाला. तथापि जेथें अद्याप पाळी रात्रीं येते, तेथें दारें धरणाऱ्या माणसाची विजेरी मध्येंच विझणें ही नुसती गैरसोय नव्हे.

तिसरें कारण आगीचें. या बॅटरींत जितका भरणा मावतो तितकाच तिच्यांत जाळहि आहे. चुकीच्या रीतीनें भरलेली बॅटरी फुगते, तापते, आणि क्वचित् पेटते. कडब्याच्या गंजीशेजारीं अशी बॅटरी रात्रभर लावून ठेवणें म्हणजे गोठ्यांत जळता पलिता ठेवण्यासारखेंच आहे. सबब या विषयाची माहिती, यंत्रशास्त्र न शिकलेल्या परंतु हिशोब समजणाऱ्या वाचकांस कळेल अशा शब्दांत, येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

बॅटरीचा स्वभाव

प्रथम तीन शब्दांचा अर्थ पक्का करूं. विजेच्या दाबास व्होल्ट हें माप आहे. टाकी जितक्या उंचीवर तितका पाण्यास जोर, तसें हें समजावें. विजेचा प्रवाह अँपिअरमध्यें मोजतात. पाटांतून दर सेकंदास किती पाणी वाहतें, तसें हें. दाबास प्रवाहानें गुणिलें असतां जी संख्या येते ती वॅट, म्हणजे खरें काम करण्याची शक्ति. पुढील सर्व हिशोब या एका गुणाकारावर चालणार आहे, तरी वाचकांनीं तो ध्यानांत ठेवावा.

लिथियमच्या एका घटांत दोन थर असतात. एका थरांत कोबाल्टासारख्या धातूच्या ऑक्साइडांत लिथियम सामावलेलें असतें, व दुसरा थर शिसपेन्सिलींत असतें त्या ग्राफाइटचा असतो. मध्यें सच्छिद्र पातळ पडदा व ज्वालाग्राही द्रव असतो. बॅटरी भरतांना लिथियमचे विद्युद्भारित कण ऑक्साइडांतून निघून ग्राफाइटच्या पापुद्र्यांत जाऊन बसतात, व वापरतांना ते परत फिरतात. हें तत्त्व कामास लावण्याचे प्रयत्न स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनीं १९७० नंतरच्या दशकांत केले; जॉन गुडइनफ यांनीं १९८० सालीं कोबाल्ट ऑक्साइडचा थर सुचविला; अकिरा योशिनो यांनीं १९८५ सालीं व्यवहारांत टिकेल असा घट बनविला; आणि १९९१ सालीं जपानच्या सोनी कंपनीनें तो बाजारांत आणला. या तिघां शास्त्रज्ञांस २०१९ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

या घटाचा दाब रिकामा असतां सुमारें ३ व्होल्ट, सरासरी ३.७ व्होल्ट व पूर्ण भरला असतां ४.२ व्होल्ट असतो. ही वरची मर्यादा फार कडक आहे. चांगला चार्जर ती शेंकडा एकाच्या आंत पाळतो, म्हणजे ४.२ व्होल्टांत चार शतांशांची काय ती सूट. मर्यादेच्या वर भरल्यास ऑक्साइडचा थर ढासळूं लागतो, आंत वायु उत्पन्न होतो व उष्णता वाढते. उलट घट फारच खालीं उतरूं दिल्यास आंतील तांब्याचा पत्रा विरघळूं लागतो, आणि तसा घट पुन्हां भरूं गेल्यास आंतल्या आंत थरांची गांठ पडण्याचा संभव असतो.

येथें एक गोष्ट विशेष सांगावयाची, ती अशी कीं, ट्रॅक्टरच्या किंवा जुन्या फवारणी पंपाच्या शिशाच्या बॅटरीची संवय या बॅटरीस लागू पडत नाहीं. शिशाची बॅटरी भरल्यावरहि योग्य अशा मंद दाबावर चार्जरला लावून ठेवलेली चालते. किंबहुना ती तशी ठेवणेंच इष्ट. लिथियमचा घट भरला म्हणजे प्रवाह पूर्णपणें तोडावा लागतो. त्यास थेंबभर प्रवाहहि सतत देत राहणें योग्य नव्हे.

भरण्याच्या पायऱ्या

वरील स्वभाव ध्यानीं घेऊन चांगला चार्जर घट तीन पायऱ्यांनीं भरतो.

पहिली पायरी मंद भरण्याची. घटाचा दाब ३ व्होल्टांच्या खालीं गेलेला असेल तर चार्जर एकदम पूर्ण प्रवाह सोडीत नाहीं, तर त्याचा सुमारें दहावा हिस्सा सोडतो. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या बैलापुढें कोणी शहाणा माणूस पेंडीचें घमेलें एकदम ठेवीत नाहीं. आधीं थोडें देऊन पाहतो. तसेंच हें. या मंद प्रवाहानें दाब वर चढलाच नाहीं, तर घट निकामी झाला असें समजून चार्जर काम थांबवितो.

दुसरी पायरी ठराविक प्रवाहाची. दाब ३ व्होल्टांच्या वर आला कीं चार्जर नेमलेला पूर्ण प्रवाह देऊं लागतो व तो कमीजास्त होऊं देत नाहीं. उदाहरणार्थ, घटाची समाई २.५ अँपिअर-तास असेल व प्रवाह १ अँपिअर असेल, तर या पायरीस दोन तासांच्या आसपास वेळ लागतो. या काळांत घटाचा दाब हळूहळू ४.२ पर्यंत चढत जातो.

तिसरी पायरी ठराविक दाबाची. दाब ४.२ झाला म्हणजे चार्जर तो तेथेंच धरून ठेवतो, व प्रवाह आपोआप उतरत जातो. हौद कांठोकांठ भरत आला म्हणजे आपण नळ बारीक करतों, तसा हा प्रकार आहे. प्रवाह उतरतां उतरतां मूळच्या सुमारें दहाव्या हिश्श्यावर आला, म्हणजे घट भरला असें समजून चार्जर प्रवाह तोडतो. मग वापरामुळें दाब दीड-दोन दशांश व्होल्ट खालीं आला तरच तो पुन्हां भरावयास घेतो.

मोबाईलचे पहिले तीन हिस्से लवकर भरतात व शेवटचा हिस्सा रेंगाळतो, अशी पुष्कळांची तक्रार असते. वाचकांच्या आतां लक्षांत आलेंच असेल कीं, हा चार्जरचा दोष नसून तिसऱ्या पायरीचा धर्म आहे.

सरळ रीत व तिच्यांतील नासाडी

आतां प्रश्न असा कीं, यूएसबीच्या वायरीतून येणारी वीज साधारणतः ५ व्होल्ट दाबाची, आणि घटास हवी ३ ते ४.२ व्होल्टांची; तर हा मधला दाब कमी कसा करावयाचा?

एक रीत सरळ आहे. वाटेंत एक ट्रान्झिस्टर बसवून तो अर्धवट उघडा ठेवावयाचा, म्हणजे जादा दाब त्यांत खर्ची पडतो. व्हॉल्व्ह अर्धा बंद करून पाण्याचा जोर मारण्यासारखेंच हें आहे. बाजारांत सर्रास मिळणारी टीपी ४०५६ ही चिप याच जातीची आहे. तिच्यांत वरील तिन्ही पायऱ्या नीट पाळल्या जातात, ती स्वस्त आहे, व १ अँपिअरपर्यंतच्या कामास पुरते. तिला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं.

परंतु हिशोब पाहूं. घट ३.७ व्होल्टांवर असतां १ अँपिअर प्रवाहानें घटांत ३.७ वॅट जातात. वायरीतून मात्र ५ वॅट घेतले जातात. उरलेले १.३ वॅट निव्वळ उष्णता होतात. दुसऱ्या पायरीच्या आरंभीं घट ३ व्होल्टांवर असतां ही नासाडी २ वॅट होते. नखाएवढ्या चिपला २ वॅटांची उष्णता फार झाली. ती तापते, आणि तापली कीं स्वतःच्या बचावासाठीं प्रवाह कमी करते, म्हणजे भरण्यास वेळ लागतो. हीच सरळ रीत ट्रॅक्टरच्या १२ व्होल्ट बॅटरीवर लावली, तर १२ वॅट घेऊन घटास ३.७ वॅट मिळतील व ८.३ वॅट वाया जातील. शंभरांतील एकोणसत्तर हिस्से धुरांत गेले, तर तो व्यवहार कोणता शेतकरी मान्य करील?

कळीची रीत

दुसऱ्या रीतींत दरवाजा अर्धवट उघडा ठेवावयाचाच नाहीं. तो एकतर पूर्ण उघडावयाचा, नाहींतर पूर्ण बंद करावयाचा. बागलाणांत व धुळ्याकडे जी फड पद्धत चालत आली आहे तिच्यांत पाटकरी पाण्याची वांटणी पाळीनें व वेळेनें करतो, हें तिकडील वाचकांस ठाऊक आहे. किती वेळ उघडें, किती वेळ बंद, यावर पाणी किती मिळालें हें ठरतें. विजेच्या या कळीचेंहि तसेंच आहे. फरक एवढाच कीं, ही कळ एका सेकंदांत लाखों वेळां उघडझांप करते. कळ पूर्ण उघडी असतां तिच्यांत दाब अडत नाहीं, व पूर्ण बंद असतां तिच्यांतून प्रवाह जात नाहीं. म्हणून दोन्ही वेळीं तिच्यांत नासाडी फारच थोडी होते. या रीतीच्या चार्जरला इंग्रजी वळणानें स्विचिंग चार्जर म्हणतात. आम्ही त्यास कळीचा चार्जर म्हणूं.

परंतु घटास असा झटक्याझटक्यानें ५ व्होल्टांचा मारा देतां येत नाहीं. म्हणून कळ व घट यांच्यामध्यें तांब्याच्या तारेचें एक वेटोळें बसवितात. या वेटोळ्याचा गुण असा कीं, त्यांतील प्रवाह एकदम वाढत नाहीं व एकदम थांबतहि नाहीं. चार धांवांच्या ऑईल इंजिनांत दट्ट्यास जोर मिळतो तो चारांपैकीं एकाच धांवेंत; उरलेल्या तीन धांवांत इंजिन फिरत राहतें तें ज्यास फ्लायव्हील म्हणतात त्या जड चाकाच्या बळावर. जोराच्या वेळीं चाक शक्ति सांठवितें व एरवीं ती परत देतें. विजेच्या मंडलांत वेटोळें हें तें जड चाक होय.

कामाचा क्रम असा. वरची कळ उघडली असतां वेटोळ्याच्या एका टोंकास ५ व्होल्ट व दुसऱ्या टोंकास घटाचे ३.७ व्होल्ट असतात. मधला फरक १.३ व्होल्ट, त्याच्या जोरानें वेटोळ्यांतील प्रवाह चढत जातो. मग वरची कळ बंद होते व त्याच क्षणीं खालची कळ उघडते. आतां बाहेरून वीज येत नाहीं, तरी वेटोळें आपला प्रवाह घटाकडे ढकलीत राहतें; मात्र ३.७ व्होल्टांच्या विरुद्ध ढकलावें लागत असल्यामुळें तो प्रवाह उतरत जातो. फार उतरण्यापूर्वीं वरची कळ पुन्हां उघडते. चढ जितका तितकाच उतार असेल तरच सरासरी प्रवाह स्थिर राहील. म्हणून १.३ ला उघड्या वेळेनें गुणून जें येईल, तेंच ३.७ ला बंद वेळेनें गुणून आलें पाहिजे. हा त्रैराशिकाचा हिशोब केला म्हणजे शंभर भागांत ७४ भाग कळ उघडी व २६ भाग बंद, असें निघतें; आणि ३.७ भागिले ५ यांचें उत्तरहि ०.७४ हेंच आहे. घट ३ व्होल्टांवर असतां हें प्रमाण ६० भाग व ४.२ वर असतां ८४ भाग होतें.

आंकड्यांनीं पाहूं. कळ सेकंदास दहा लक्ष वेळां चालते असें धरूं, म्हणजे एक फेरी एका सेकंदाच्या दशलक्षांशाची. वेटोळें २.२ मायक्रोहेन्री मापाचें असेल, तर दर फेरींत प्रवाह सुमारें ०.४४ अँपिअर चढतो व तितकाच उतरतो. सरासरी १ अँपिअर हवा असेल तर तो ०.७८ व १.२२ यांच्या दरम्यान हेलकावत राहतो. हा हेलकावा घटाजवळ बसविलेला लहान कंडेन्सर गिळून टाकतो; मोटेचें पाणी हौदांत पडून मग पाटांत संथ जातें, त्यांतलाच हा प्रकार. कळीचा वेग जितका अधिक, तितकें वेटोळें लहान पुरतें. म्हणूनच एवढें मंडल मोबाईलच्या पोटांत मावतें.

कळ किती वेळ उघडावी हें ठरविणारा कारकून म्हणजे चिप. ती एका अतिसूक्ष्म रोधांतून प्रवाह मोजते, घटाचा दाब आपल्याजवळील पक्क्या मापाशीं ताडून पाहते, व दर फेरीस कळीची वेळ कमीजास्त करते. पहिल्या व दुसऱ्या पायरीवर ती प्रवाहाकडे पाहून चालते, तिसरीवर दाबाकडे. याखेरीज उष्णतेचा अंदाज देणारा एक मणी घटाजवळ असतो, व ठराविक तासांत घट न भरल्यास काम थांबविणारें घड्याळहि बहुधा असतें.

आतां नफ्यातोट्याचा हिशोब. कळ, वेटोळें व चिप यांत मिळून शेंकडा दहा नुकसान धरलें, तर घटास ३.७ वॅट देण्यासाठीं वायरीतून सुमारें ४.१ वॅट घ्यावे लागतात. सरळ रीतींत १.३ वॅट उष्णता होत होती, ती आतां ०.४ वर आली. प्रवाह ३ अँपिअर केला तर सरळ रीतींत ३.९ वॅट उष्णता होईल, व कळीच्या रीतींत सुमारें १.२. जलद भरणाऱ्या मोबाईलमध्यें सरळ रीत कां चालत नाहीं, तें यावरून उघड आहे. ट्रॅक्टरच्या १२ व्होल्टांवरून भरतांनाहि १ अँपिअरच्या जागीं त्याच्या एक तृतीयांशाइतकाच प्रवाह ट्रॅक्टरच्या बॅटरींतून जातो. ट्रॅक्टरचा गिअर जसा वेग घटवून ओढ वाढवितो, तशी ही रीत दाब घटवून प्रवाह वाढविते. यूएसबीच्या ५ व्होल्टांच्या वायरीतून ०.५ अँपिअर घेतला असतां घटास ०.६ अँपिअर मिळतो, यांत जादू कांहीं नाहीं. दाब घटला, त्याचा हा मोबदला.

सौर पत्र्याची गोष्ट

वस्तीवर वीज नसेल तेथें लहान सौर पत्रा उपयोगी पडतो, व तेथें या दोन रीतींतील फरक विशेष जाणवतो. भर उन्हांत ६ व्होल्ट दाबानें १ अँपिअर देणारा, म्हणजे ६ वॅटचा पत्रा आहे असें समजा. सरळ रीतीनें घटास १ अँपिअरच मिळेल, म्हणजे ३.७ वॅट. कळीच्या रीतीनें शेंकडा दहा वजा जातां ५.४ वॅट मिळतील, म्हणजे जवळजवळ दीड अँपिअर. श्रावणांत दोन तासच ऊन पडलें, तर त्या दोन तासांत तिनाचें काम होतें.

मात्र पत्र्याचा एक स्वभाव सांभाळावा लागतो. विहिरीस झरे थोडे व पंप मोठा असला म्हणजे पाणी फुटव्हॉल्व्हच्या खालीं जातें व पंप हवा ओढूं लागतो. तसें पत्र्यांतून झेपेल त्याहून अधिक प्रवाह ओढल्यास त्याचा दाब कोसळतो व हातीं कांहींच लागत नाहीं. म्हणून सौर कामाचा चांगला चार्जर पत्र्याच्या दाबावर नजर ठेवतो, व दाब नेमलेल्या रेषेखालीं जाऊं लागतांच आपला प्रवाह आंवरतो. सीएन ३७९१ ही चिप अशा कामासाठींच आहे. सौर दिवा घेतांना ‘एमपीपीटी’ हीं अक्षरें विक्रेता सांगतो, त्यांचा अर्थ एवढाच कीं, झऱ्याच्या मानानें पंप चालविणें.

खरा चार्जर कोठें असतो

भिंतीस लावतात त्या ठोकळ्यास आपण चार्जर म्हणतों, परंतु तो खरा चार्जर नव्हे. तो २३० व्होल्टांचे ५ व्होल्ट करून देतो. तोहि कळीच्याच रीतीनें, पण घट भरण्याच्या पायऱ्या त्यास ठाऊक नसतात. खरा चार्जर मोबाईलच्या किंवा विजेरीच्या पोटांत असतो. म्हणून ठोकळा उत्तम व विजेरी भिकार, असा जोड झाल्यास ठोकळा कांहीं करूं शकत नाहीं.

आमच्या घरीं आठवडे बाजारांतून आणलेली एक स्वस्त विजेरी होती. ती एक दिवस उघडून पाहिली. आंत चार्जरची चिप मुळींच नव्हती. एक डायोड व एक रोध यांतून ५ व्होल्ट थेट घटावर सोडले होते. रात्रभर लावून सकाळीं मल्टीमीटरनें मोजतां दाब ४.३ व्होल्टांच्या वर निघाला. घट तापला नव्हता, दिवा लख्ख लागत होता, आणि मालकास संशय येण्यासारखें वरून कांहींच दिसत नव्हतें. अशी विजेरी कांहीं महिने चालते, मग निम्म्या वेळांत विझूं लागते. आणि हातांत दुसरा दिवा नसतांनाच ती बहुधा विझते.

वाचकांनीं काय करावें

१. घेतांना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी पाहावी. ठोकळ्यावर व बॅटरीवर मानकाचा क्रमांक व ‘आर’ अक्षरानें सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला असतो. लिथियम घटांसाठीं आयएस १६०४६ हें मानक आहे.

२. घरांत मल्टीमीटर असेल व घटाचीं टोंकें सहज उघडीं होत असतील, तर पूर्ण भरल्यावर दाब मोजावा. तो ४.१५ ते ४.२५ च्या दरम्यान असल्यास चार्जर ठीक. त्याहून वर असल्यास ती वस्तु वापरूं नये.

३. सौर दिव्यांत पुष्कळदां लिथियम-लोह-फॉस्फेट जातीचा घट असतो. त्याचा सरासरी दाब ३.२ व पूर्ण दाब ३.६५ व्होल्ट. त्याच्या जागीं दुसरा घट घालतांना जात पाहूनच घालावा; ४.२ च्या चार्जरवर हा घट लावणें धोक्याचें आहे.

४. घट भरतांना त्याचें उष्णतामान साधारणतः ० ते ४५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावें. निफाडजवळ कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा ५ अंशांच्या खालीं गेल्याच्या नोंदी आहेत, तरी थंडीचें भय आपल्याकडे थोडें, भय उन्हाळ्याचें. मालेगांवीं हवाच चाळिशीपलीकडे जाते, मग ट्रॅक्टरच्या बॉनेटवर उन्हांत ठेवलेला मोबाईल किती तापत असेल याचा विचार करावा. भरावयाचें तें सावलींत.

५. घट अगदीं रिकामा करून भरण्याची रूढी सोडून द्यावी. ती जुन्या निकेल-कॅडमियम घटांची होती. लिथियमचा घट थोडा रिकामा होतांच भरलेला चालतो. अनेक दिवस ठेवावयाचा असल्यास निम्मा भरून थंड जागीं ठेवावा.

६. फुगलेली बॅटरी दाबूं नये, टोंचूं नये, पुन्हां भरूं नये. ती उकिरड्यावरहि टाकूं नये. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणें निकामी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. ती दुकानदाराकडे किंवा संकलन केंद्रावर द्यावी.

७. वैरण, गोणपाट, डिझेल यांच्याजवळ व अंथरुणावर कांहींहि भरावयास लावूं नये. शक्य तोंवर जागेपणीं भरावें. तीन-साडेतीन तासांत भरणारी वस्तु दहा तास लावून ठेवण्यांत लाभ नाहीं.

या सर्वांचा खर्च फारसा नाहीं. साधा मल्टीमीटर कांहीं शें रुपयांत मिळतो, व एका गांवांत एक असला तरी पुरे आहे. सोसायटीच्या कचेरींत तो ठेवावा, व पाळी रात्रीची सुरू होण्यापूर्वीं गांवांतील विजेऱ्या एकदां मोजून घ्याव्या, असें आम्ही सुचवितों. ज्या विजेऱ्यांचा दाब मर्यादेबाहेर निघेल त्या बाजूस काढाव्या, आणि दारें धरावयास जाणाऱ्याच्या हातीं तपासलेलीच विजेरी द्यावी.